हिरव्या दोऱ्याचा फॉल

हॅलो?… हं, बोल रजनी. येतोय आवाज… नाही गं, कामात कसली, बसलेय अशीच.

ऐक ना आधी… हो, हो, पुण्याच्या पाहुण्या, कळलं. सहा जणी, रविवारी. पण बाळा, तू त्यांना आणू नकोस… मावशी सांगतेय ना, नको आणू.

वर्गच राहिला नाही.

वर्ग, वर्ग… आपला शिवण-दुरुस्तीचा, बुधवारा मोहल्ल्यातला. दुसरा कुठला वर्ग आहे माझा? मागच्या आठवड्यात सतरा जणी होत्या. काल मी एकटी, आणि चार मशिनी.

नाही, भांडण नाही. भांडण असतं तर मिटवलं असतं. एकेक येतेय, दारातूनच आपलं गाठोडं मागतेय. अर्धं शिवलेलं, टाचण्या लावलेलं, जसंच्या तसं नेतेय. आत पाऊल टाकत नाही कुणी.

सांगते… अगं सांगते ना, मध्ये बोलू नकोस. ती मरून साडी आठवते? फोटो पाठवला होता तुला… हो, तीच. काठाजवळ हातभर फाटलेली. मथुराबाईने तीन दिवस मान मोडून रफू केला. तूच म्हणालीस, कुठे फाटली होती तेच दिसत नाही. ती आपण सरुबाईला दिली… फोपनार गावची गं, केळीच्या बागेत कामाला जाते, काज-बटण शिकायला यायची… हं, ती.

तिच्या मुलीची सुपारी होती सोमवारी. सुपारी मतलब तुमचा साखरपुडाच. मुलाकडचे इथले, बुधवाऱ्यातले. सरुबाई तीच साडी नेसून बसली. नेसणारच ना, दुसरी बरी साडी आहे कुठे तिच्याकडे… आणि समोर मुलाची काकू, धुरपदाबाई. बसता-उठता काठ जरासा उलटला, आतला फॉल दिसला. हिरव्या दोऱ्याने लावलेला. मरून साडीला हिरवा दोरा कोण लावतं? धुरपदाबाईनेच लावला होता. तिच्या सासूच्या साडीला. घरात त्या दिवशी दुसरा दोरा नव्हता म्हणून.

सासू कुठली आता… फाल्गुनात गेली. दहाव्याला ही साडी नदीवर, राजघाटावर सोडून आले होते ते लोक.

हो… हो, मेलेल्या बाईची… तुला नाही वाटणार काही. इथे वाटतं. गेलेल्या माणसाचं कापड नदीवर सोडलं की सोडलं, ते परत उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि हे तर थेट सुपारीच्या पाटावर येऊन बसलं.

मोडली. तिथल्या तिथे. ओरडलं नाही कुणी. आपलं ताट झाकलं आणि उठून गेले.

फॉल काढायला हवा होता?… काढायला हवाच होता. पण आपला नियम काय? जी शिवण धड आहे ती उसवायची नाही. तूच शिकवलंस, अजून लिहिलेलं आहे भिंतीवर. मथुराबाईने नियम पाळला बिचारीने. आता घरोघर सांगत फिरतेय, मला माहीत नव्हतं म्हणून. तरी तिच्या हातचं शिवलेलं घ्यायला तयार नाही कुणी. लग्नाची ब्लाउजं होती तिच्याकडे, तीसुद्धा परत नेली.

तू येऊन समजावणार?… कुणाला गं?… बरोबर आहे तुझं. कापड ते कापड, धुतलं की साफ. एकदम बरोबर. वर्षभर मी हेच घोकून घेतलं त्यांच्याकडून. जुनं नेसायला लाज कसली, टाकू नका, दुरुस्त करा. आणि मानायला लागल्या होत्या, रजनी! ठिगळ दिसलं की पदर ओढून घेणाऱ्या बायका, लेकींच्या फ्रॉकला कापडी फुलं लावून शाळेत पाठवत होत्या. मला किती बरं वाटायचं तुला काय सांगू. त्याच बायका आता म्हणतात, पुण्याच्या मॅडमने आणि वंदनाताईने, म्हणजे तू आणि मी मिळून आमच्या अंगावर मढ्याचे कपडे घातले. आता बोल, काय समजावशील?

सरुबाई?… आली होती आज सकाळी. रडली-बिडली नाही. साडी घडी करून टेबलावर ठेवली, आणि विचारलं, "ताई, तुम्हाले माहीत होतं का?"

मी काय म्हणणार… नाही म्हटलं.

…

रजनी, साडी कडूने आणली होती. घाटावर बसतो तो म्हातारा. सदऱ्याला ठिगळ लावून घेतलं आणि बदल्यात गाठोडं ठेवून गेला. ओलं होतं… हो, ओलं. मतलब कळलंच मला. घाटावरचं ओलं गाठोडं, त्यात दुसरं काय असणार? मी घरी नेलं, दोनदा धुतलं, इस्त्री केली. वर्गात अक्षर बोलले नाही कुणाला.

थांब, माझी बाजू घेऊ नकोस… नको म्हटलं ना. चांगलं कापड वाया जाऊ नये म्हणून केलं, असं मीही चार दिवस स्वतःला सांगतेय. पण साडी मला आवडली होती गं. रंग माझा होता. दोरीवरून काढताना वाटलं, खांद्यावर टाकून बघावी एकदा. नाही टाकली. हात मागे घेतला.

हो, तेच विचार… विचार ना. मी नेसले असते का?

नाही.

म्हणून तर सरुबाईला दिली.

…

पाहुण्यांना तेवढं कळव, येऊ नका म्हणून.

…

बरं. ठेवते मग.