आधी प्रश्न वाच

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला वीस मिनिटं उरली होती. फाटकावर प्रवेशपत्रं तपासणाऱ्या बाईंपुढे दोघी बहिणी रांगेत उभ्या होत्या. मोठी धाकटीची उजळणी घेत होती.

“उतारा आला की काय करायचं?”

“आधी प्रश्न वाचायचे. मग प्रयोगात काय बदललं आणि त्यानं काय झालं, ते शोधायचं.”

“अवघड शब्द आला तर?”

“अडून बसायचं नाही. पण ताई, परत मूत्रपिंडाचाच उतारा आला तर? गेल्या वर्षी आलेखातली रेघ खाली जायला लागली आणि मला दवाखान्यातली आईच दिसली. पुढचे प्रश्न तसेच सोडले मी.”

“ती रेघ उंदरांची होती गं, वेडाबाई.”

“बाबांचा रिपोर्ट आज येणार होता ना?”

“पेपर झाल्यावर बोलू.”

“म्हणजे आला.”

“रांग पुढे सरकली बघ.”

“ताई, चांगला आहे ना?”

“उताऱ्यात दिलंय तेवढंच धरायचं. बाहेरचं काही डोक्यात आणायचं नाही.”

बाईंनी प्रवेशपत्र मागितलं. धाकटीनं ते उलटंच पुढे केलं. बाईंनी फोटो पाहिला, चेहरा पाहिला आणि हळूच म्हणाल्या, “जा, बाळ.”

धाकटी मागे वळून न बघता आत गेली. ती जिन्यावर दिसेनाशी झाली, तशी मोठी फाटकाचा गज धरून मटकन खाली बसली.