लांब पट्टीखालची तार

संयोगिता : कीबोर्डची बटणं धुतलीसा ती धुतलीसा आत्याबाई, पण एका शब्दानं विचारायचं तरी!

चिमणाबाई : आज खंडेनवमी. माझ्या लेकाचे, सयाजीचे, नटबोल्टाचे पाने घासले, कात्री घासली, विळी घासली. तुझंच हत्यार तेवढं मळकं ठेवू व्हय देवापुढं? काय काय निघालं त्यातनं! चिवडा, केसं, मेलेल्या मुंग्या. आणि सून म्हणं हापिसात लागणार!

संयोगिता : परवा टायपिंगची परीक्षा हाय, म्हणूनच जीव खालीवर होतोय. आपापला कीबोर्ड घेऊन या म्हणालेत. आणि ही लांब पट्टी बघा. मधे दाबली तर बसते, कडेला दाबली की तिरकी होऊन अडकते. दोन शब्दांत जागाच सुटंना. सगळी ओळ मालगाडीवानी जोडून येतीया.

चिमणाबाई : मग मधेच दाब की.

संयोगिता : अंगठा कडेलाच पडतो माझा. बघून कुठं टाइप करतो मी?

चिमणाबाई : सयाजीनं नवा आणलाय, तो ने.

संयोगिता : तो मऊ. बोट नुसतं रुततं, अक्षर उमटलं का न्हाय कळतच न्हाय. हा खट्ट वाजतो, बोटाला परत वर ढकलतो. नव्यावर माझा वेगच मरतो. आणि ही नोकरीची जागा गेली तर पुन्हा कधी निघणार?

चिमणाबाई : माझ्यावर ढकलू नगंस. एकेक बटण चमच्यानं उचकटलं, ताटात रांगेनं मांडलं, रिठ्याच्या पाण्यात धुतलं, जागच्या जागी बसवलं. इंग्रजी येत न्हाय मला. एक तरी चुकलंय का?

संयोगिता : बटणं बरोबर हाईत. पट्टीखाली एक तार असते, दोन्ही टोकांना वाकवलेली. ती कुठाय?

चिमणाबाई : ती व्हय... ती उरली.

संयोगिता : टाकलीसा?

चिमणाबाई : टाकीन कशाला? चांगली चिवट तार. आकडा आयताच होता. दारावर बघ, झेंडूचं तोरण तिच्यावरच तोललंय.

संयोगिता : सरका, काढतो मी.

चिमणाबाई : खबरदार! उद्या दसरा, आणि सणाचं तोरण दारावरनं उतरवतीस? समोर अंबूबाई खिडकीतच बसलीया. सगळ्या पेठेत सांगंल.

संयोगिता : सांगू दे की!

चिमणाबाई : तुला काय जातंय? तोंड मला दाखवायचं असतंय.

संयोगिता : बरं. राहू दे तोरण. न्हाय जात मी परीक्षेला.

(बाहेर स्टूल सरकवल्याचा आवाज.)

चिमणाबाई : धर ही तार. आणि रडकं तोंड करून बसू नगंस. बसव.

संयोगिता : उतरवलंसा तोरण?

चिमणाबाई : चिमणाबाईच्या दारचं तोरण उतरत नसतंय.

संयोगिता : मग कशानं बांधलंसा?

चिमणाबाई : परकराच्या नाडीनं.

संयोगिता : आत्याबाई!

चिमणाबाई : हसू नगंस. दुसरा परकर दोरीवर ओला हाय. तो वाळंपर्यंत मी हितनं उठत न्हाय. तू वाजव, ऐकतो मी.