साहेब, घसा आता बरा आहे

तुमची आमच्या साठे साहेबांशी कधी गाठ पडली नाही, हे तुमचं नशीब समजा. आमच्या दुबईच्या ऑफिसात डिस्पॅचला टोबी नावाचा नायजेरियन पोरगा होता. आफ्रोबीट्स गायचा. अल नहदा वस्तीतली पोरंसोरंसुद्धा त्याच्या गाण्यांवर रील्स करायची. माहीत नव्हतं ते फक्त साहेबांना.

त्याला रास अल खैमाला पहिला मोठा शो मिळाला. बिचारा अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायला गेला. साहेब म्हणाले, "गाणंबिणं छंद म्हणून ठीक आहे, हबीबी. पण मंथ-एंड आहे. खलास!"

मग काय, शोच्या दिवशी सकाळीच टोबीचा फोन आला: घसा बसलाय, येत नाही.

आणि संध्याकाळी साहेबांच्या लेकीने, इराने, बापाला त्याच शोला ओढून नेलं! तेही पहिल्या रांगेत. टोबीने स्टेजवरून साहेबांना पाहिलं आणि माइकवर म्हणाला, "माझे बॉस आलेत. सर, घसा आता बरा आहे!"

इरा किंचाळली, "पप्पा, ही नोज यू!" आणि आमचे साहेब चक्क उभे राहून पब्लिकला हात हलवायला लागले. व्हिडिओ आहे माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी टोबीला केबिनमध्ये बोलावणं आलं. आम्हाला वाटलं, गेली याची नोकरी, गेला व्हिसा. तर साहेब लाडीगोडीने म्हणतात, "उद्या इराचा बर्थडे आहे. डिस्कव्हरी गार्डन्सला घरी ये, दोन गाणी म्हण. पैशाबिशाचं नको काढूस, घरचंच कार्य समज."

टोबी शांतपणे म्हणाला, "सर, गाणंबिणं छंद म्हणून ठीक आहे. पण मंथ-एंड आहे. खलास!"