काळ्या गाडीवरची जाळी

हॅलो?… हां, सुरुची, बोल… नाही, थांब, आधी मी बोलतो. मी आता जे सांगणार आहे ना, त्यावर अख्ख्या लालबागात कोणाचा विश्वास बसणार नाही, मग दादरमध्ये कोण ठेवणार?… अगं गेली! जाळी गेली! तुझ्या काळ्या गाडीवरची जाळी पार गेली… सगळी… हो, बॉनेटवरचीसुद्धा… कोणी म्हणजे? मी. तुझ्या मामाने. ह्या दोन हातांनी.

हसतेस काय?… अगं हसतेस काय, विचारतोय.

हो, हो, आठवतंय सगळं. अकरा वाजता तू येणार, त्या गाड्या चमकवणाऱ्या हितेंद्रला घेऊन येणार, तो टॉर्च मारून बघणार. ओरखड्यांची जाळी दिसली तर उद्यापासून किल्ली हितेंद्रच्या माणसाकडे. नाही दिसली तर किल्ली माझ्याकडे, आणि सकाळची धुणी-पुसणी पण माझ्याकडे. शपथ घेतलीस तू, नलूताईची… तुझ्या आईचीच गं, दुसरी कुठली नलूताई?… घेतलीस, मी ऐकली… बरं, नसेल घेतली. शब्द तर दिलास?… हां. मग झालं तर.

आवाज घुमतोय?… अगं स्पीकरवर टाकलाय फोन, ओट्यावर ठेवलाय. हाताला सगळा तो मसाला लागलाय ना… पॉलिशचा गं, वाटणाचा नाही! आणि लोक जमलेत. अख्खी चाळ जमलीय ह्या नानाची कामगिरी बघायला. बुधाजी आहे, गॅरेजवाला, मशीन त्याचंच. दुसऱ्या मजल्यावरची दीपिका आहे, तिच्याच खिडकीतून वायर खाली सोडलीय… मामी? मामी… वर आहे. घावणे घालतेय. तिला ह्यातलं काय कळतंय!… गप रव गो!… नाही गं, तुला नाही. मांजराला.

हे बघ, जाळी कोणी पाडली हा विषय आज नको… अगं नको म्हटलं ना… मान्य. मीच पाडली. तीन वर्षं गाडी आमच्या चाळीत उभी, रोज सकाळी सहाला, कोरड्या बोळ्याने, गोल गोल. पण शिकवलं कोणी? गिरणीने. सूत काततात त्या साचेखात्यात सत्तावीस वर्षं मशीन पुसली ती कापसाच्या बोळ्यानेच. गोल गोल. त्या लोखंडाला कधी एक ओरखडा नाही आला! तुझ्या गाडीची कातडी नाजूक, त्याला मी काय करू?… कळलं गं, हितेंद्रने सांगितलं मला. वरच्या धुळीवर कोरडा बोळा फिरवला की ती धूळच रंगाला घासते… बघितली ना मी पण. उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याचं जाळं. त्याने टॉर्च मारली तर तीन वर्षं माझा हात जसा जसा फिरला, तसा तिथे काढून ठेवलेला. लाज वाटली मला, खोटं नाही सांगत.

पण तू त्याच्यासमोर काय बोललीस? 'मामा, आता तू आराम कर.' बोललीस की नाही?… अगं गिरणी बंद झाल्यापासून आरामच करतोय मी! एक ती सकाळची पाळी उरलीय माझी. भोंगा वाजत नाही, हजेरी घ्यायला कोणी नाही, तरी सहाला बादली घेऊन मी खाली असतो. तेवढी पण काढून घेतलीस तर मी उठू कशाला?… नाही रडत. ह्या मसाल्याचा वास झोंबतो डोळ्यांना… हो, खरंच वास.

तर ऐक ना. सकाळी आधी गाडी धुतली. दोन बादल्या. एक साबणाची, एक साध्या पाण्याची… हो, दोन! शिकलो ना. मग तो मातीसारखा गोळा असतो, तो ओला करून फिरवला. रंगात बसलेलं सगळं किटण त्याच्यात येतं. मग कडांना कागदी पट्टी चिकटवली, कारण कडेला रंग पातळ, मशीन तिथे रेंगाळलं की जळलाच म्हणून समज. गाडी सावलीत. पॅडवर मसाल्याचे चार ठिपके, मोजून चार. आणि दाबलं बटण…

सुरुची, ते मशीन नव्हे गं, रेडा! मला घेऊन सुटलं ते फाटकातून बाहेर, डावीकडे, थेट चिवडा गल्लीत! लोक बाजूला, मी मध्ये, हातात मशीन घर्र घर्र. कुरमुऱ्यांची दोन पोती आडवी आली म्हणून थांबलं, नाहीतर आज मी तुझ्याशी भायखळ्याहून बोललो असतो… वायर?… वायरचं काय?… लांब आहे गं वायर… दुसऱ्या मजल्यावरून, हो… बरं, फाटकापर्यंत. लिहून घे, फाटकापर्यंत… बरं बाई, बॉनेटपासून आरशापर्यंत! पण वेग तोच.

आणि मसाला जो उडाला! लालबागात बर्फ पडला म्हण. ओट्यावर, काचेवर, पहिल्या मजल्यावरच्या तुळशीवर, दीपिकाच्या वाळत घातलेल्या ओढणीवर… का म्हणजे? पॅड आधी गाडीला टेकवायचं आणि मग बटण दाबायचं. हवेत असताना दाबलं की होळीच… मी? छे! बुधाजीने दाबलं… बुधाजी, हसतस कित्याक?… बघ, तो पण म्हणतोय, त्यानेच दाबलं… मान हलवून म्हणाला. तुला कसं ऐकू येणार?

मग मी म्हटलं, सरका सगळे. साचेवाल्याचा हात आहे हा. गिरणीत चाती मिनिटाला बारा हजार फेरे घ्यायची, तिच्यावर तुटलेला केसासारखा धागा मी डोळे मिटून जोडायचो… बरं, एक डोळा. तर मशीन घेतलं, टेकवलं, मग चालू केलं. दाबायचं नाही. त्याचं त्याला वजन असतं, तेवढं पुरे. हातभर जागा घ्यायची. आधी आडवे हात, मग त्याच्यावर उभे हात, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. घाई नाही, रेटारेटी नाही. अंगण सारवतात ना, अगदी तसं…

काय?… सारवलंय ना मी! गावाला, लहानपणी… बाप्ये नाही सारवत? कोणी सांगितलं तुला? आमच्या वाडीत एका वर्षी सगळ्या बायका जत्रेला गेल्या होत्या… सगळ्या. एक नाही मागे राहिली. तेव्हा चौदा अंगणं मी एकट्याने सारवली. दुपारपर्यंत… नलूताईला काय विचारतेस, ती पण जत्रेलाच होती!

हां. मग मऊ फडक्याने पुसलं. सरळ. गोल नाही, सरळ!… आणि सुरुची, काय सांगू तुला. एक कावळा आला. बॉनेटवर बसला, खाली बघितलं, तर खाली दुसरा कावळा. अर्धा तास त्याच्याशी बोलला. तो काही उत्तर देईना. शेवटी हा उडाला, आमच्या खिडकीतून घावणाचा तुकडा उचलला, आणि आणून त्याच्यापुढे ठेवला. वाढला त्याला!… अगं खरंच. दीपिकाने त्यात बघून वेणी घातली. वरून विमान गेलं, ते मला खाली बॉनेटमध्ये दिसलं. नुसतं विमान नाही, खिडकीत बसलेली बाई दिसली. जांभळी साडी… बरं, साडी नसेल दिसली. विमान दिसलं. विमानाचा आवाज तरी आला.

घावणे? आहेत ना तुझ्यासाठी. थोडे जाड झालेत आज, कडेला करपलेत पण… नाही, मामीचा हात नाही बिघडला. तवा. तव्याचा दोष.

पुरावा?… फोटो पाठवलाय की! मघाशी, व्हॉट्सॲपवर. बघितलाच नाहीस?… मग उघड ना, मी धरतो… उघडला?… नुसतं बॉनेट. हो, मुद्दाम नुसतं बॉनेट घेतलं. बाकी मध्ये कशाला कोण… म्हणजे मध्ये कशाला काय हवं? शोध आता. कुठे दिसतेय जाळी?… नाही ना?… मोठ्याने बोल. अगं मोठ्याने, सगळ्यांना ऐकू दे!… ऐकलंत? 'एक पण रेघ नाही' म्हणतेय!

हितेंद्रला दाखव. बाजूलाच बसलाय ना टॅक्सीत? दाखव त्याला… काय म्हणाला?… परत सांग… 'हात कसबी आहे'? असं म्हणाला?… अगं परत एकदा, बुधाजीला नीट ऐकू नाही आलं… ऐक रे बुधाजी. कसबी. ऐक.

मग? किल्ली माझी?… आता काय राहिलं?… हात? हाताचं काय?… कोणी सांगितलं थरथरतो? चहाचा कप धरताना थरथरतो तो चहा गरम असतो म्हणून… औषधाच्या गोळ्या? त्या मी आवडीने घेतो… नाही गं, खरंच. मशीनमध्ये थरथर मिसळून जाते, कळतच नाही कोणाची कुठली… अगं विश्वास नाही ठेवायचा तर नको ठेवू. फोटो मोठा करून बघ. दोन बोटांनी ताण. आभाळ दिसेल, चाळीचा कठडा दिसेल, तुळस दिसेल. हवं तर पानं मोज तिची… मोजतेस? मोज, मोज…

काय?… उलटी? उलटीच दिसणार सगळी, बॉनेटमध्ये आभाळ खाली आणि… बाई? कुठली बाई?… दीपिका असेल. वेणी घालायला आली होती, म्हटलं ना… चष्मा? दीपिकाला चष्मा… अं… आजच लागला असेल… पदर खोचलेला? हिरवी साडी?… अगं मग ती विमानातली बाई! सांगितलं ना तुला मघाशी… जांभळी म्हणालो होतो?… मग हे दुसरं विमान असेल गं, दिवसभर जातात इथून…

हातात?… दोन्ही हातांत काय?… विमानात मशीन कशाला नेईल कोण…

अगं हळू! हळू बोल, स्पीकरवर आहे… सुरुची, हळू… झालं. ऐकलं. 'मामा, मशीन मामीच्या हातात आहे!' अख्ख्या चाळीने ऐकलं. कुत्र्याने पण मान वर केली… बुधाजी, हस रे. हस पोटभर. शेवंते, नवऱ्याला तू पण हसतेस?… आणि तुला काय गरज होती गो गाडीत एवढी स्पष्ट दिसायची?

घावणे कोणी घातले?… सुरुची, तू आता पोलिसात जा नोकरीला… मी. घावणाला चालतो गं थरथरता हात.

हॅलो?… हॅलो, सुरुची? आवाज तुटतोय तुझा… नाही, काहीच ऐकू येत नाही… काय म्हणालीस? 'उद्यापासून किल्ली मामीकडे, आणि सहाला बादल्या मामाकडे'?… पहिलं अर्धं अजिबात ऐकू नाही आलं. दुसरं तेवढं परत बोल… मोठ्याने बोल गं, स्पीकरवर आहे.