प्रभूचं ताट

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी चर्चच्या एका पाळकाची बायको.

“ताई, आमच्याकडे रोज एक ताट जास्तीचं मांडतात ना, प्रभूसाठी?”

“तुझ्या लग्नापासून बघतेय. त्याचं काय?”

“काल ऐन जेवणाच्या वेळी एक म्हातारा दारात आला. भुकेला होता. मी आत बोलावलं, तर नेमका त्याच खुर्चीवर बसला.”

“मग?”

“हे म्हणाले, उठा, ती जागा प्रभूची आहे.”

“काय सांगतेस? पाळकसाहेब असं म्हणाले?”

“अगदी गोड आवाजात. मी दुसरी खुर्ची आणेपर्यंत तो निघूनही गेला.”

“आणि पाळकसाहेब?”

“डोळे मिटून प्रार्थनेला लागले. ये प्रभू, आमच्याबरोबर जेवायला बस.”

“तू काय केलंस?”

“ते ताट उचललं आणि घासत बसले. स्वच्छच होतं गं.”