करमाडच्या मळ्यात बेट

लेकरांना लहानपणीच फार शहाणं करू नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आमच्या वेळी इकडं शाळा उर्दूच होती; भूगोल मी उर्दूतून शिकले, त्यामुळं माझ्या पाच वर्षांच्या सुमनला तो मराठीतून सांगायची मला भारी हौस. एकदा सांगितलं, "समुद्रात ज्वालामुखी फुटतो. मोठा आवाज होतो, धूर निघतो, दगड उडतात आणि काळ्या खडकाचं बेट वर येतं. आपल्या मळ्यातला खडकही असाच आगीतून आलेला."

दुसऱ्याच दिवशी करमाडला आमच्या नव्या विहिरीत सुरुंग लावला. सुरुंग लावणाऱ्या रहीमचाचांनी "हटो, पीछे हटो" करत सगळ्यांना लांब नेलं. आवाज होणार म्हणून मी सुमनचा हात सोडला आणि स्वतःचे कान झाकले. अशी मी आई. धूर विरला, तर सुमन कुठंच नाही. मी हाका मारत मळाभर धावले.

सापडली ती कडब्याच्या गंजीवर, कवेत शेळीचं करडू घेऊन.

"खाली ये गं."

"नाय. बेट व्हायलंय. आता चहूकडून समुद्र येईल. तू पण वर ये."

"बच्ची को ये किसने सिखाया?" रहीमचाचांनी विचारलं. मी पदर सावरत दुसरीकडं बघितलं.

सासूबाई कोरड्या खड्ड्यात डोकावून म्हणाल्या, "समुद्राचं मागून बघू, बाई. आधी हिरीला घोटभर पाणी तर लागू दे."