फुग्याखालची माणसं

अध्यक्षसाहेब, मंचावरची मंडळी, आणि समोर बसलेल्या भावांनो, बायांनो.

एवढ्या उन्हात तुम्ही सुदामरावांसाठी आलात, बरं झालं. मी बोलणार न्हाई असं मी सुदामरावांच्या घरी निर्मलावहिनींना सांगितलं होतं. सुदामराव गेले, आता बोलून काय, असं वाटलं होतं. पण सकाळी या सभागृहात पाऊल टाकलं आणि ठरवलं, बोलायचंच. का ठरवलं, तेच सांगते. ऐकून कुणाला राग आला तर येऊ द्या. मला सकाळपासून आलेला आहे.

मी शैलजा. सुदामराव आणि मी बियाण्याच्या कंपनीत एकाच प्रयोगशाळेत नोकरी केली, टेबलाला टेबल लावून. आमचं काम काय? मूठभर बी काचेवर पसरायचं, भिंगातून बघायचं, आणि त्यात मिसळलेला दुसऱ्या वाणाचा दाणा चिमट्यानं बाजूला काढायचा. सुदामरावांच्या नजरेतून असा दाणा कधी सुटला न्हाई. रिटायर झाले तरी ती नजर काही रिटायर झाली न्हाई.

माझ्या आधी बोलणारे म्हणाले, थोर संशोधक. जालन्याचं भूषण. वा. हेच लोक त्यांना काय म्हणायचे? फुगेवाला. तोंडावर म्हणायचे. स्टेशनसमोर चहा पिताना म्हणायचे, काय सुदामराव, नातवाचा वाढदिवस आहे, फुगे देता का? सगळे हसायचे. अध्यक्षसाहेब, तुम्हीही हसला होतात. मी तिथंच उभी होते.

ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या महायुद्धात फौजा मोठाले फुगे आभाळात सोडायच्या. फुग्याखाली टोपली, टोपलीत दुर्बीण घेतलेला शिपाई. शत्रूच्या तोफा कुठं लपल्यात ते तो वरून बघायचा. फुग्याचे दोर खाली, आणि ते दोर ओढून धरायला माणसं. त्या फुग्यांचे जुने फोटो सुदामराव जमवायचे. भंगारवाल्यांकडून, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून, फौजी घरांतल्या ट्रंकांतून. आणि फोटो कुठला, कुठल्या फौजेचा, ते ओळखायचे.

कसे ओळखायचे? फुगा बघून न्हाई. फोटो हातात आला की वरचा भाग ते कोऱ्या कागदानं झाकून टाकायचे. बटणं आणि कमरपट्टे बघून फोटो उलटा तर छापलेला न्हाई ना, ते आधी तपासायचे. मग खालच्या कोपऱ्यापासून सुरू. झाडं कसली, गाडीची चाकं कशी, पायाला पट्ट्या बांधल्यात का, डोक्याला फेटा आहे का टोपी. मी एकदा म्हटलं, अहो, फुगा तरी बघू द्या. तर म्हणाले, "फुगा काय, कुठंही फुगाच राहतो. खाली बघा, खाली."

आता तुम्ही माझ्या मागं बघा. थर्माकोलचे ढग. ढगांवर फुगेच फुगे. छान दिसून राह्यलंय ना? झेरॉक्स वाटली असेल. बिलकुल न्हाई. हे सुदामरावांनी जन्मभर जमवलेले खरे फोटो आहेत, कात्रीनं कापलेले. तेराव्याच्या आधी अध्यक्षसाहेबांचं मित्रमंडळ घरी गेलं, सभेत प्रदर्शन लावतो म्हणालं. वहिनींनी विश्वासानं पेटी काढून दिली. यांनी गोल गोल फुगे कापून ढगांवर चिकटवले आणि बाकीचं फेकून दिलं. दोर फेकले, झाडं फेकली, माणसं फेकली. टोपलीतला शिपाईसुद्धा ठेवला न्हाई.

मी सकाळी विचारलं, हे काय केलंत? अध्यक्षसाहेब पाण्याची बाटली उघडत म्हणाले, "मॅडम, खाली लई गिचमिड होती. कोण कुठले लोक, त्यांचं काय करायचं? फुगा उठून दिसला पायजे."

कोण कुठले लोक.

अहो, याच एका प्रश्नापायी त्या माणसानं डोळे फोडून घेतले. कोण कुठले लोक, एवढंच त्यांना शोधायचं होतं. तुम्ही एका दुपारी कात्रीनं उत्तर देऊन मोकळे झालात. बाहेरच्या फ्लेक्सवर मात्र मंडळाचा एकही चेहरा कापला गेला न्हाई. खजिनदार तर गॉगलसकट आलेत. ज्यांना श्रद्धांजली, ते कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे. कशाला आलात त्यांच्या दारात? हसत होतात तेच बरं होतं. तुमच्या हसण्यानं त्यांचा एकही फोटो फाटला नव्हता.

समोर कडेला गयामावशी बसल्यात. शहागडहून आल्यात. मावशींचा आजा त्याच महायुद्धात, तिकडं इराकात, बसऱ्याच्या लढाईला गेल्ता. परत आला न्हाई. बरोबरच्या एका शिपायानं घरी फोटो आणून दिला, तुमचा माणूस याच्यात आहे म्हणाला, आणि आपल्या गावी निघून गेला. फोटोत फुगा. गाव म्हणालं, हा तर जत्रेतला फुगा. कसली लढाई अन् कसलं काय, गडी पळाला, हैदराबादेत दुसरं घर केलं. मावशींच्या आजीनं ते मरेपर्यंत ऐकलं. मावशींच्या वडिलांनी ऐकलं. मावशींनीही ऐकलं.

मागच्या दिवाळीनंतर मावशी तो फोटो घेऊन सुदामरावांकडं आल्या. म्हणाल्या, "भाऊ, माझा आजा हाये का याच्यात, एवढं सांगा. नसंल तर न्हाई म्हणा. पण खोटं बोलू नका."

सुदामराव कामाला लागले. खाली खजुरीची झाडं निघाली, फेटेवाले आपले शिपाई निघाले. फुगा लढाईचाच, बसऱ्याकडचा, हे ठरलं. पण आजा कोणता? चेहरे बोटभरसुद्धा न्हाईत, सगळे पुसट. मग त्यांनी मावशींना विचारलं, आजा काम कसं करायचा? मावशी म्हणाल्या, डावखुरा होता. लोहाराकडून वेगळा विळा करून घेतल्ता, तो घरात दुसऱ्या कुणाला चालवता यायचा न्हाई. आमच्या घरात अजून एकजण तरी डावखुरं निघतंच.

सुदामराव जायच्या थोडं आधी त्यांचा मला फोन आला. आवाज असा की जणू पहिला पगार झालाय. "शैलजाताई, सापडलं. सगळे दोराच्या एका अंगाला, उजवा हात पुढं. एकटा पलीकडून उभा, डावा हात पुढं. शंभर टक्के म्हणणार न्हाई मी. पण दाणा वेगळा हाये." मावशींना फोनवर सांगायचं न्हाई, समोर बसवून दाखवायचं, असं ठरलं. मावशी यायच्या होत्या त्याच्या आदल्या दिवशी सुदामराव गेले.

तो फोटोही त्याच पेटीत होता. त्यातला फुगा तिकडं ढगावर आहे, खजिनदारांनी लावलेल्या हारामागं. आणि खालची माणसं? ती मला सकाळी मागच्या खोलीत सापडली. कचऱ्याच्या पोत्यात, चहाचे कप आणि झेंडूचे देठ यांच्यात. एका कोपऱ्याला चहा लागलाय. पण माणसं सगळी शाबूत आहेत. ही बघा, ही पट्टी.

मावशी, वर या. सावकाश, पायऱ्यांना कठडा न्हाई. अध्यक्षसाहेब, खुर्ची सोडा. त्यांना बसू द्या.

घ्या मावशी. दोराच्या पलीकडं बघा. हा, फेटा जरा कललेला. तुमचा आजा पळाला नव्हता. तो दोर धरून उभा होता.

मंडळी, आता सुदामरावांसाठी दोन मिनिटं उभं राहायचंय. मागच्या ढगांकडं कुणी बघायचं न्हाई. मावशींच्या हाताकडं बघा. ती पट्टी त्यांनी कोणत्या हातानं घेतली, ते नीट बघा. सुदामराव असते तर अजूनही शंभर टक्के म्हणाले नसते.

मी म्हणते. उभे राहा.